वैनगंगेकाठचा शेरखान : परक्या चित्रांवर आपले गाणे

वैनगंगा शिवनी जिल्ह्यात मुंडारा गावाजवळ उगम पावते. बालाघाट आणि भंडाऱ्यातून वाहत खाली आली की चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांची सीमा होते आणि चपराळ्याजवळ वर्धेला मिळून प्राणहिता हे नाव घेते. रुडयार्ड किपलिंगच्या १८९४ सालच्या ‘जंगल बुक’मधला शेरखान याच नदीकाठचा. त्या पुस्तकात शिवनीचे डोंगर आणि वैनगंगेची घळ नावानिशी येतात. किपलिंगने हा मुलूख स्वतः पाहिला नव्हता. स्टर्नडेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने सातपुड्यातल्या मुक्कामांवर लिहिलेले पुस्तक त्याच्यापुढे होते, आणि मोगलीच्या गोष्टी त्याने अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये, बर्फाच्या प्रदेशात बसून लिहिल्या. तरी नदी आमची, हे नाकारता येत नाही. वडशाच्या किंवा ब्रह्मपुरीच्या मुलाने मोगलीवर हक्क सांगितला तर तो भूगोलाला धरून आहे.

हा हक्क सांगण्याची एक नवी रीत गेल्या काही वर्षांत रूढ झाली आहे. एखादा अॅनिमेशनपट घ्यायचा, त्यातले मूळ संवाद आणि संगीत काढून टाकायचे, दृश्यांचे तुकडे करायचे आणि आपल्या आवडीच्या गाण्यावर ते नव्याने जुळवायचे. तीन-चार मिनिटांत एक स्वतंत्र गीतचित्र तयार होते. मुले त्याला नुसते ‘एडिट’ म्हणतात. मराठीत यासाठी शब्द नाही असे वाटेल, पण क्रियापद आहे : बसवणे. आपण नाटक बसवतो, गाणे बसवतो, चाल बसवतो. परक्या चित्रांवर आपले गाणे बसवणे एवढाच हा उद्योग आहे. मात्र तो वाटतो तितका सोपा नाही, आणि चंद्रपूर-गडचिरोलीत वाघाचे चित्र घेऊन तो करायचा म्हटला तर निरुपद्रवीही नाही.

प्रथम थोडा इतिहास. १९७५ साली अमेरिकेत कँडी फाँग या चाहतीने ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या फिल्मच्या तुकड्यांच्या स्लाइड करून त्या एका गाण्याबरोबर दाखवल्या. चाहत्यांच्या गीतचित्रांची परंपरा साधारण तिथून मोजतात. १९८२ साली जिम कपोस्टस नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने दोन व्हीसीआर एकमेकांना जोडले, ‘स्टार ब्लेझर्स’ या जपानी अॅनिमेशन मालिकेतली सर्वांत हिंसक दृश्ये वेचली आणि ती प्रेमाची महती गाणाऱ्या बीटल्सच्या गाण्यावर बसवली. त्याचे महत्त्व केवळ पहिलेपणाचे नाही. चित्र एक बोलते आणि गाणे भलतेच, आणि या दोहोंच्या विसंगतीतून तिसराच अर्थ निघतो, ही या प्रकाराची मुख्य शक्ती त्याला आरंभीच सापडली होती.

आपल्याकडचे सर्वांत गाजलेले उदाहरण मात्र चाहत्यांनी केलेले नाही, दूरदर्शनवरचे आहे. १९८९ साली जपानच्या निप्पॉन अॅनिमेशनने मोगलीवर बावन्न भागांची मालिका केली. १९९३ साली ती हिंदीत दूरदर्शनवर आली, तेव्हा तिच्या आरंभीच्या चित्रांवर गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाजांची चाल आली. चित्र जपानी, गाणे हिंदी. त्या पिढीतल्या कोणालाही विचारा, मूळ जपानी शीर्षकगीताची त्याला कल्पनाही नसते. शेरखानला आवाज दिला होता नाना पाटेकरांनी. पुढे २०१६ साली डिस्नीने ‘जंगल बुक’ नव्या रूपात आणला, तेव्हा हिंदी आवृत्तीत शेरखानसाठी पुन्हा पाटेकरच आले, आणि तेच गाणे नव्याने ध्वनिमुद्रित करून जाहिरातीसाठी वापरले गेले. एका कंपनीच्या चित्रांसाठी केलेले गाणे दुसऱ्या कंपनीच्या चित्रांवर बसले. चाहत्याने हे केले असते तर आपण त्याला उचलेगिरी म्हटले असते.

पण आपल्या रंगभूमीला यात धक्का बसण्याजोगे काही नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’ची छापील प्रत उघडावी. पदापदावर ‘चाल’ म्हणून आधीच्या कोणत्या तरी गाण्याचा उल्लेख आहे. लोकांच्या ओठांवरची चाल घ्यायची आणि तिच्यावर आपले शब्द ठेवायचे, ही संगीत नाटकाची उघड पद्धत होती, आणि चाल कोठून घेतली ते वरच छापण्याचा प्रामाणिकपणाही होता. झाडीपट्टीतही हेच दिसते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या भाताच्या आणि झाडीच्या मुलखात दिवाळीनंतर मंडईचे दिवस सुरू झाले की रात्र रात्र नाटके चालतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या मंडळ्यांचे ठाणे. ऑर्गन आणि तबला रंगमंचाशेजारी, गाणारा नट समोर, आणि एखाद्या सिनेमाच्या चालीवर स्थानिक कवीचे शब्द. प्रेक्षकाला चाल ओळखू येते आणि शब्द नवे लागतात, त्यातच त्याला गंमत वाटते. म्हणून वडशाच्या मुलाला एडिटची कल्पना समजावून सांगावी लागत नाही. तो ज्या अंगणात वाढला तिथे हे चालतच आले आहे, फक्त तिथे जुन्या चालीवर नवे शब्द होते आणि इथे जुन्या चित्रावर नवी चाल आहे.

आता प्रत्यक्ष कृती. हे नुसते वाचून लिहिण्यापेक्षा मी एक गीतचित्र स्वतः बसवून पाहिले, घरापुरते. चित्रपट घेतला डिस्नीचा १९६७ सालचा ‘जंगल बुक’. गाणे एका दंडारीच्या ढंगाचे, परिचितांनी ढोलकी आणि हार्मोनियमवर गाऊन दिलेले. विषय वाघ.

चित्रपट अठ्ठ्याहत्तर मिनिटांचा. सेकंदाला चोवीस चौकटी या हिशेबाने एक लाख बारा हजारांहून अधिक चौकटी होतात. गाणे साडेतीन मिनिटांचे, म्हणजे पाच हजार चाळीस चौकटी. ढिगातून अंदाजे साडेचार टक्के निवडायचे. कागदावर हे सुखाचे वाटते. प्रत्यक्षात शेरखान पडद्यावर येतो तोच निम्म्याहून अधिक सिनेमा सरल्यावर. त्याआधी त्याचे नाव सगळे घेतात, तो दिसत नाही. कथेच्या दृष्टीने ही दिग्दर्शक वुल्फगँग राइटरमनची हुशारी, पण गीतचित्र करणाऱ्याची गरिबी. वाघाचे चांगले, न बोलणारे तुकडे वेचून वेगळे काढले तेव्हा हाती फारच थोडे उरले.

‘न बोलणारे’ हा शब्द इथे मुद्दाम घातला आहे. डिस्नीच्या पद्धतीत आवाज आधी ध्वनिमुद्रित होतो आणि चित्र नंतर त्याबरहुकूम काढले जाते. जॉर्ज सँडर्सने शेरखानचे संवाद म्हटले आणि मिल्ट काल या चित्रकाराने त्या उच्चारांवर वाघाचे ओठ, भुवया आणि जबडा बेतला. त्यामुळे तो बोलत असलेला तुकडा गाण्याखाली ठेवला की वाघ मुका झाल्यासारखा वाटतो. कोणी बोलताना आवाज बंद केला तर जसा वाटेल तसा. यावर उपाय दोन. एक, ओठ हलायच्या आधी तुकडा तोडणे. दोन, जिथे तोंडाची उघडझाप गायकाच्या शब्दाशी जमते तिथे तो गातो आहे असा भास करणे. दुसरा उपाय फार मोहक आहे आणि फार लवकर कंटाळा आणतो. मी तो एकदाच वापरला.

यानंतर लय. केरवा आठ मात्रांचा. मिनिटाला एकशेवीस मात्रांची गती धरली तर एका मात्रेला अर्धा सेकंद, म्हणजे बारा चौकटी, आणि एक आवर्तन चार सेकंदांचे, शहाण्णव चौकटींचे. अॅनिमेशनवाल्यांच्या जगात बारा चौकटींना एक पाऊल ही लष्करी संचलनाची चाल मानतात. म्हणजे तबलजी आणि चित्रकार दोघेही वेगवेगळ्या वाटांनी त्याच आकड्यावर येऊन थांबतात. चालणाऱ्या प्राण्याचे पाऊल आणि ढोलकीची थाप एकत्र पडली की पाहणाऱ्याला वाटते, हे चित्र याच गाण्यासाठी काढले होते. दीडशे जणांनी हे बघून ‘अरे वा’ म्हणावे असा तो क्षण असतो, आणि त्यामागे भागाकाराखेरीज काही नसते.

अडचण अशी की आमचे वादक घड्याळावर वाजवत नाहीत. अंतऱ्याला लय चढते, ध्रुपदावर येताना किंचित सैल होते, शेवटी तर धावतेच. यंत्राने आखलेली मात्रांची जाळी अशा गाण्यावर दुसऱ्या कडव्यालाच घसरते. म्हणून गाणे ऐकत प्रत्येक समेवर बोटाने खूण करावी लागते, आणि मग त्या खुणांना धरून चित्र तोडायचे. सिनेमाच्या स्टुडिओत बनलेल्या गाण्यांवर एडिट करणाऱ्यांना हा त्रास नाही. झाडीपट्टीचे गाणे निवडले की तो आलाच. माझ्या मते तो पत्करावा. चढती लय हे त्या गाण्याचे प्राण आहेत आणि चित्राने तिच्यामागे धावण्यात काही कमीपणा नाही.

काही गोष्टी हाताला चटके बसल्यावरच कळतात. तुकडा बरोबर थापेवर न तोडता एक-दोन चौकटी आधी तोडला तर तो थापेवर पडल्यासारखा वाटतो. डोळ्याला नवे चित्र ओळखायला क्षणभर लागतो. प्रत्येक मात्रेवर चित्र बदलले तर चाळीस सेकंदांत बघणारा थकतो. आणि फोनवरच्या संपादनाच्या अॅपमध्ये सेकंदाला तीस चौकटी असे आधीच ठरवून ठेवलेले असेल तर ते चोवीसवर आणावे, नाहीतर दर चारांमागे एक चौकट दुप्पट होते आणि वाघ चालताना अडखळतो. काइनमास्टर, व्हीएन, अलाइट मोशन, कोणतेही अॅप घ्या, हा घोळ सगळीकडे सारखाच.

सर्वांत मोठी फसगत संथ गतीची. हात आखडता असल्यामुळे मला वाघाची चाल लांबवायची होती. पण रेखाटलेल्या चित्रात प्रत्येक चौकटीला नवे रेखाटन असतेच असे नाही. बहुतेक ठिकाणी एक रेखाटन दोन चौकटी टिकते, म्हणजे सेकंदाला बारा रेखाटने. गती निम्मी केली की सहाच उरतात आणि हालचाल तुटक होते. मधली चित्रे यंत्राकडून भरून घेतली तर पट्टे वितळल्यासारखे एकमेकांत मिसळतात. कॅमेऱ्याने टिपलेला ताडोब्याचा वाघ मंद करता येतो, मिल्ट कालचा नाही. त्याच्याकडून जेवढे मिळाले तेवढ्यावरच भागवावे लागते.

तुकडे पुन्हा वापरण्याचा संकोच मात्र बाळगू नये. खुद्द डिस्नीने बाळगला नाही. राइटरमनने १९७३ साली ‘रॉबिन हूड’ केला तेव्हा ‘जंगल बुक’मधल्या भालूच्या आणि वानरराजाच्या नाचाच्या हालचाली उचलून नव्या पात्रांना नव्या गाण्यावर नाचवले. दोन्ही चित्रपट शेजारी शेजारी लावले तर पाय त्याच ठिकाणी पडतात. (तो वानरराजा म्हणजे ओरांगउटान, जो भारताच्या जंगलात नाहीच. किपलिंगच्या पुस्तकातही वानरांना राजा नाही. पण ते असो.)

इथपर्यंत हा कारागिरीचा मामला होता. यापुढे तो तसा राहिला नाही.

चित्रपटात शेरखानचे पहिले दृश्य असे : उंच गवतातून तो हरणाच्या दिशेने दबा धरून सरकतो आहे. हत्तींच्या पलटणीचा गोंगाट होतो, हरीण पळते, वाघ चरफडतो. शेवटी, म्हणजे पुष्कळ पुढे, एक मुलगी पाण्याचे भांडे घेऊन नदीवर येते. मोगली तिला पाहतो आणि तिच्यामागून गावात जातो. मानवी वस्तीचे त्या चित्रपटातले दर्शन जवळपास एवढेच. या दोन प्रसंगांत वाघ आणि मुलगी कधीच एकत्र येत नाहीत. ती येते तेव्हा वाघ शेपटीला बांधलेल्या जळत्या फांदीला घाबरून पळून गेलेला असतो.

खुणा लावता लावता मी हे दोन तुकडे शेजारी ठेवले. गवतात वाघाचे डोळे, चार सेकंद. नदीवर वाकलेली मुलगी, चार सेकंद. पुन्हा वाघाचे पाऊल. पुन्हा मुलगी, स्वतःशीच हसते आहे. एक रेघही नव्याने काढली नव्हती, पण समोर जे उभे राहिले ते डिस्नीच्या कोणत्याही चित्रपटात नाही. रशियन दिग्दर्शक कुलेशोव्हने शंभर वर्षांपूर्वी प्रयोग करून दाखवले होते की एकाच चेहऱ्यापुढे वेगवेगळी चित्रे ठेवली की प्रेक्षक त्या चेहऱ्यावर वेगवेगळे भाव वाचतो. मला ते पुस्तकातून ठाऊक होते. त्या रात्री ते वैनगंगेच्या काठावर येऊन बसले.

कारण हे चित्र इथे कल्पित नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि मे महिन्यात तेंदूची पाने वेचायला बाया पहाटे जंगलात जातात. वाकून वेचणारे माणूस वाघाला माणसासारखे दिसत नाही असे वनखात्याचे लोकही सांगतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने वेचायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. दुसरीकडे त्याच जिल्ह्यात १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान असलेला ताडोबा आहे, तिथल्या वाघांना माया, मटकासूर, वाघडोह अशी नावे आहेत, त्यांचे चाहते देशभर आहेत, आणि त्यांच्या चित्रफितींवर सिनेमातल्या नायकाच्या प्रवेशाची गाणी बसवलेली फोनोफोनी फिरतात. वाघ थाटात रस्ता ओलांडतो, ठेका पडतो. ते पाहताना मजा येत नाही असे मी म्हणणार नाही. पण त्या गाण्यांत गवताच्या पलीकडे कोण वाकलेले आहे हे कधी दिसत नाही.

किपलिंगचा शेरखान जन्मतः लंगडा होता, गावची गुरे मारणारा होता, आणि मोगलीने वैनगंगेच्या घळीत म्हशींचा कळप घालून त्याला तुडवून मारले. त्यात रुबाब नव्हता. रुबाब दिला डिस्नीने, उच्चकुलीन इंग्रजी आवाज देऊन. म्हणजे आपली मुले ज्या वाघाला नायक करतात तो मुळात जॉर्ज सँडर्सच्या आवाजातला उमराव आहे. आणि उलट दिशेने, मी त्याला नरभक्षक केला तेव्हाही तो अन्यायच होता, कारण या मुलखात वाघ देवही आहे, सीमेवर त्याची पूजा होते, आणि ज्या घरातले माणूस गेले त्या घरातलीही पुष्कळ माणसे त्याला शिवी देत नाहीत. अडीच मिनिटे वाघ कोण आहे हे मी फक्त तुकड्यांच्या क्रमाने ठरवत होतो. गायकाने जे गायले होते त्यात यातले काहीच नव्हते.

हक्कांचा प्रश्न लोक शेवटी विचारतात, म्हणून इथे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात, कलम २६ प्रमाणे, चित्रपटावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. १९६७चा ‘जंगल बुक’ त्या हिशेबाने भारतात २०२७च्या अखेरीपर्यंत संरक्षित आहे. किपलिंग १९३६ मध्ये वारला. त्याचे पुस्तक इथे केव्हाच मोकळे झाले आहे. पण २०२८ उजाडले की सगळे रान मोकळे, असे समजू नये. चित्रपटातली गाणी, त्यांचे शब्द, पात्रांची मूळ रेखाटने यांवरचे हक्क वेगळे मोजले जातात आणि कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतात. कलम ५२ खासगी वापर, अभ्यास आणि समीक्षा यांना न्याय्य मर्यादेत सूट देते. घरी बसून जुळवणे आणि जगापुढे टाकणे यात म्हणून फरक आहे. जगापुढे टाकलेले गीतचित्र यूट्यूबची यंत्रणा ओळखते आणि हक्कदाराच्या इच्छेप्रमाणे अडवते किंवा त्याचे उत्पन्न त्याच्याकडे वळवते.

या सगळ्या चर्चेत डिस्नीची काळजी सर्वांना असते. मला काळजी वाटते ती गाण्याची. कायद्याने हक्क मिळायला नोंदणी लागत नाही. झाडीपट्टीच्या नाटकासाठी एका रात्रीत चार पदे लिहून देणाऱ्या कवीचा त्याच्या शब्दांवर तेवढाच हक्क आहे जेवढा मोठ्या कंपनीचा तिच्या वाघावर, आणि कलम ५७ प्रमाणे कर्ता म्हणून नाव लागण्याचा हक्क तर तो पैसे घेऊन गाणे विकले तरी त्याच्याकडेच राहतो. प्रत्यक्षात काय होते? मंडईच्या रात्री कोणीतरी फोनवर गाणे टिपतो, दुसरा ते एडिटखाली घालतो, तिसरा ते पुढे पाठवतो. चित्र कोणाचे हे सर्वांना दिसते, शेरखान ओळखायला नाव लागत नाही. गाणे कोणाचे हे दुसऱ्याच फोनवर हरवते. सौभद्रात पदावर ‘चाल’ छापणारे याबाबतीत आपल्यापेक्षा नीट वागत होते. एडिटच्या पहिल्या दोन सेकंदांत, अठ्ठेचाळीस चौकटींत, कवीचे, गायकाचे आणि ढोलकीवाल्याचे नाव सहज बसते.

माझे गीतचित्र शेवटी असे उतरले. वाघ आणि मुलगी शेजारी ठेवलेले तुकडे मी काढले, पुन्हा घातले, पुन्हा काढले. ढोलकीवाल्याला दाखवले तेव्हा तो सिंदेवाहीकडचा निघाला. तो तीनदा पाहून म्हणाला, ‘पोरगी राहू द्या. वाघाले काढा.’ आता शेवटच्या आवर्तनात फक्त गवत आहे, रिकामे, आणि नंतर ती पाणी भरून वर जाते. हरीण पळाल्यावर वाघ गवतातून बाहेर पडायच्या आधीच्या चौदा चौकटी होत्या. त्याच तीनदा जोडून ते गवत केले आहे, आणि नीट पाहिले तर ते हलताना जोड दिसतो.